दुसऱ्या रांगेतलं शहर

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय ‘जॅझची जन्मभूमी’ असा छापलाय. संयोजकांची हौस आहे ती. पण जिला यमन आणि भूप यांतला फरक अजून खात्रीनं सांगता येत नाही, तिनं जॅझवर बोलणं काही बरं नव्हे. मी 2011 ते 2015 अशी चार वर्षं न्यू ऑर्लिन्सला नोकरीनिमित्त होते. भाड्यानं राहिले, शेजारी जेवले, मिरवणुकांच्या मागून चालले. तेवढ्या भांडवलावर बोलते.

अमेरिकेच्या नकाशात अगदी खाली, मिसिसिपी नदी समुद्राला मिळायच्या थोडं आधी हे शहर आहे. 1718 मध्ये फ्रेंचांनी वसवलं, पुढं स्पेनकडं गेलं, 1803 मध्ये अमेरिकेनं विकत घेतलं. नदी तिथं इतकी वळते की पूर्व-पश्चिम कुणी सांगतच नाही. पत्ता विचारला तर ‘नदीच्या अंगाला’ नाहीतर ‘तळ्याच्या अंगाला’. माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळं ‘वरच्या अंगाला, खालच्या अंगाला’ ही भाषा मला लगेच कळली. तिथं पोचल्यावर कळलेली ती पहिली गोष्ट, आणि पुढचे दोन महिने बहुधा शेवटचीही.

घर मिळालं ट्रेमे नावाच्या वस्तीत. काळ्या लोकांची ही फार जुनी वस्ती. देशात गुलामगिरी होती तेव्हाही इथं स्वतंत्र काळी माणसं स्वतःची घरं बांधून राहत होती. घराची तऱ्हा मात्र अशी की, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग एक खोल्या, बोळ नाही. मागच्या न्हाणीघरात जायचं तर सगळ्यांच्या खोल्यांतून जायचं. याला म्हणतात शॉटगन घर. पुढच्या दारातून गोळी झाडली तर ती मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून म्हणे हे नाव. आमचं घर जोडघर होतं. मधे एक भिंत, पुढं दोघांना मिळून एकच ओटा. भिंतीपलीकडं एक आजी राहायच्या. तिथं वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, लग्न होऊन नातवंडं झाली तरी. आणि त्या आपल्याला म्हणतात ‘बेबी’. मी तेव्हा 38 वर्षांची होते.

सोमवारी दुपारपासून त्या भिंतीतून वास यायला लागायचा. राजम्याचा. गंमत बघा, माझा सोमवारचा उपास. आईनं लावून दिलेला, लग्नानंतरही धरलेला. तो त्या वासानं तिसऱ्याच आठवड्यात मोडला. सोमवार हा तिथं कपडे धुण्याचा वार. रविवारी डुकराची मांडी भाजायची, तिचं हाड उरायचं. ते हाड आणि रात्रभर भिजवलेला राजमा एका भांड्यात घालायचा, सोबत कांदा, सेलरीचे दांडे आणि ढोबळी मिरची, आणि मंद आचेवर सोडून बाईनं धुण्याला लागायचं. कपडे वाळेपर्यंत राजमा लोण्यासारखा मऊ. आता घरोघरी यंत्रं आली, वार बदलला असता तरी चाललं असतं. पण सोमवारी शहरभर राजमा-भातच. जॅझचे नामवंत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग इथलेच. ते पत्राखाली ‘आपला विश्वासू’च्या जागी ‘आपला राजमाभाती’ अशा अर्थाचं लिहायचे.

मी डुक्कर खात नाही म्हटल्यावर आजींनी माझ्यासाठी बिनहाडाचा राजमा केला. वाटी हातात देताना म्हणाल्या, ‘‘बेबी, हा राजमा नाही, हे गरम पाणी आहे.’’ मी परतफेड म्हणून मिसळ करून नेली. तिखट त्यांना चाललं, फरसाण आवडलं. पाव मात्र त्यांनी दोन बोटांत दाबून बघितला आणि बाजूला ठेवला. पावाच्या बाबतीत ते शहर पुणेकरांपेक्षा हेकट आहे. वरून कडकडीत, आत कापसासारखा, असाच पाव हवा. 1929 मध्ये ट्राम कामगारांचा संप झाला तेव्हा मार्टिन नावाच्या दोन भावांनी, स्वतःच पूर्वी ट्रामवर काम केलेले, संपकऱ्यांना फुकट सँडविचं दिली. तेव्हापासून तसल्या लांब पावाच्या सँडविचला ‘पो-बॉय’ म्हणतात, म्हणजे ‘बिचारा गरीब पोरगा’. शहराच्या आवडत्या खाण्याचं नाव संपावरून पडावं, हे मला फार आवडलं.

आणि भेंडी! आपण भेंडीच्या बुळबुळीतपणाशी जन्मभर भांडतो. आमसूल घाला, ताक घाला, कोरडी पुसून चिरा. तिथं त्या तारेसाठीच भेंडी घालतात. गंबो नावाचं दाट कालवण असतं, आणि ‘गंबो’ हा शब्दच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलाय. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी तिथं पोचली. गंबोला आधी मैदा तेलात भाजून घेतात, चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत. बेसनाचे लाडू केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही: फोन वाजू दे, दार वाजू दे, उलथनं थांबवायचं नाही. या एका परीक्षेत मी आजींकडं पहिल्या खेपेला पास झाले.

आता संगीताकडं येते, कारण संयोजक घड्याळ बघतायत.

एका रविवारी घरासमोरून प्रेतयात्रा गेली. पुढं ब्रास बँड, म्हणजे आपल्याकडं लग्नात वाजतो तोच पितळी वाद्यांचा ताफा, पण चाल इतकी संथ की वादक पाय उचलताना थांबल्यासारखे वाटत होते. भजनाच्या चाली होत्या. मी दारात हात जोडून उभी. थोड्या वेळानं प्रेताची गाडी पुढं निघून गेली, मंडळी थांबली, ढोलावर दोन थापा पडल्या आणि तोच बँड असा काही उसळला की लोक रस्त्यावर नाचायला लागले. छत्र्या फिरवत, रुमाल उडवत. मृताची बहीणही नाचत होती. मला धक्का बसला, खोटं कशाला सांगू. ओट्यावरून आजी म्हणाल्या, ‘‘सोडलं त्याला. आता उभी काय राहतेस?’’ आणि काठी टेकत त्याच चालायला लागल्या.

बँड, घरचे लोक किंवा ज्यांनी मिरवणूक काढली ते मंडळ, ही झाली पहिली रांग. त्यांच्या मागं जो जो येईल तो दुसऱ्या रांगेतला. तिला आमंत्रण लागत नाही, पास लागत नाही, नाचता येतं का असं कुणी विचारत नाही. ‘सेकंड लाइन’ हे त्या मिरवणुकीचंच नाव पडलंय. इथं सभागृहात दुसऱ्या रांगेत बसलेल्यांनी खूश होऊ नये, तुम्ही आमंत्रित आहात.

यामागं एक रोकडी व्यवस्था आहे. गुलामगिरी संपल्यावरही विमा कंपन्या काळ्या माणसाला दारात उभं करत नव्हत्या. मग लोकांनी वर्गणी काढून मंडळं केली. आजारी पडलात तर डॉक्टर मंडळ देणार, मेलात तर पुरणार मंडळ, आणि बँडही मंडळाचाच. मुंबईच्या चाळींतली आपली गावकऱ्यांची मंडळं आठवा, भिशी आठवा. 1884 मध्ये स्थापन झालेलं एक मंडळ तिथं अजून चालू आहे. आता पुरण्याचा खर्च हा मुख्य मुद्दा राहिला नाही, पण पावसाळी उन्हाळ्याचे थोडे आठवडे सोडले तर जवळजवळ दर रविवारी कुठलं ना कुठलं मंडळ रस्त्यावर येतं. एका रंगाचे सूट, पिसांचे पंखे, चार तास चाल.

रविवारच का, त्याचंही मूळ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. काँगो स्क्वेअर. फ्रेंच कायद्यानं गुलामांना रविवारी कामातून सुटी होती. त्या दिवशी ते या मैदानात जमायचे, स्वतः पिकवलेलं-रांधलेलं विकायचे, ढोल वाजवायचे, आपापल्या मुलखाचे नाच नाचायचे. 1817 मध्ये शहरानं हुकूम काढला की जमायचं तर रविवारी, आणि नगराध्यक्ष ठरवील त्याच जागी. बंधन घालणारा हुकूम. पण अमेरिकेत बाकी बहुतेक ठिकाणी ढोलावरच बंदी असताना इथं तो वाजत राहिला. आज ते मैदान आर्मस्ट्राँग पार्कात आहे. त्या आर्मस्ट्राँगना 1912 च्या वर्षअखेरीच्या रात्री हवेत पिस्तूल उडवलं म्हणून पकडून सुधारगृहात टाकलं होतं, आणि त्या सुधारगृहाच्या बँडमध्ये त्यांचा हात कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्या धाकट्या भावावर, बसला. पुढं 1956 मध्ये राज्यानं काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र कार्यक्रमांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा जगप्रसिद्ध झालेला हा माणूस 1965 पर्यंत आपल्या गावात वाजवायला आला नाही. आता विमानतळाला त्यांचं नाव आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण आपल्याला नवं नाही.

क्लेबोर्न ॲव्हेन्यू नावाचा रस्ता ट्रेमेमधून जातो. मधे ओकच्या जुन्या झाडांच्या रांगा होत्या, दोन्ही बाजूंना काळ्या व्यापाऱ्यांची दुकानं. कार्निव्हलला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांपूर्वीच्या मोठ्या उत्सवाला, घरोघरचे लोक त्या सावलीत डबे घेऊन बसायचे. 1966 मध्ये झाडं तोडली आणि वरून महामार्गाचा पूल नेला. आजी त्या झाडांबद्दल माहेरच्या अंगणाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. नंतर चित्रकारांनी पुलाच्या खांबांवर ओकची झाडं रंगवली. मला वाटलं होतं, मिरवणूक तो पूल टाळत असेल. उलट, पुलाखाली आली की ती मुद्दाम थांबते. वर काँक्रीट, खाली डांबर, मधे सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला मोठा पितळी कर्णा, आणि ट्रम्पेटं. अरुंद बोळात ढोल-ताशाचं पथक शिरल्यावर छातीत बसतो तो दणका तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दुप्पट धरा. ज्यांनी झाडं तोडली त्यांनी नकळत एक गाभारा बांधून दिला होता.

वस्तीत आणखी एक नाद आहे, पिसांचा आणि मण्यांचा. काळी माणसं अमेरिकेतल्या मूळच्या इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासी, जमातींचा मान म्हणून त्यांचा वेश करून कार्निव्हलला निघतात. वर्षभर रात्री जागून हातानं मणी शिवायचे, पुढच्या वर्षी पुन्हा नवा वेश. पूर्वी टोळ्यांत मारामाऱ्या व्हायच्या. टूटी मोंटाना नावाच्या सरदारानं ती चढाओढ सुईवर आणली. कोण देखणा दिसतो ते बघू. पेशानं ते भिंतींच्या गिलाव्याच्या पट्ट्या ठोकणारे कारागीर. 2005 च्या जूनमध्ये शहर परिषदेच्या सभागृहात, पोलीस आमच्याशी कसे वागतात हे सांगता सांगता ते ध्वनिक्षेपकासमोर कोसळले आणि गेले. तिथंच लोकांनी त्यांचं प्रार्थनागीत म्हटलं.

दोनच महिन्यांनी, 29 ऑगस्टला, कतरिना वादळ आलं. बांध आणि पूरभिंती फुटल्या, जवळपास 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. शोधपथकं घरोघर फिरून दारापाशी रंगानं फुली काढत. फुलीच्या चार कोनांत तारीख, पथकाचं नाव, घरातले धोके, आणि सगळ्यात खाली सापडलेल्या माणसांचा आकडा. आजींनी घर दोनदा रंगवलं, फुली तेवढी सोडून. मी एकदा विचारलं, रोज बघवते कशी? त्यांनी काठीच्या टोकानं खालचा कोन दाखवला. तिथं शून्य होतं.

शेवटचं सांगते आणि बसते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथं पालेभाज्यांचा हिरवा गंबो करतात. ट्रेमेजवळच्या आपल्या खानावळीत लिया चेज तो दर वर्षी करायच्या. 1960 च्या दशकात काळे-गोरे कार्यकर्ते एका टेबलाशी बसायचे ती हीच खानावळ. आपली ऋषीपंचमीची भाजी आठवा, बैलाच्या कष्टाची अट सोडून. इथली अट अशी की पालेभाज्यांची संख्या विषम हवी, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र त्या वर्षी मिळणार. माझ्या शेवटच्या वर्षी आजींनी ओट्यावर भाज्या मोजल्या. मोहरी, पालक, कोबी, गाजराचा पाला, बीटाचा पाला, करत करत आठ. बाजाराला पुन्हा जायचं त्यांच्या गुडघ्यात नव्हतं. माझ्याकडं भारतीय दुकानातली मेथीची जुडी होती, ती मी निवडून दिली. त्यांनी एक पान तोंडात टाकलं, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

‘‘कडू आहे, बेबी,’’ म्हणाल्या, ‘‘पण मोजणीत धरू.’’