उपाशीपोटी एक गोळी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी साडेआठला मी औषधाच्या दुकानाचं शटर वर करते. पहिल्या दहा गिऱ्हाइकांत दोघं-तिघं तरी म्हणतात, "ताई, पित्ताची गोळी द्या." मराठीत पित्त हा शब्द फार सोयीचा. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. खरं पित्त यकृतात तयार होतं, आणि या तिन्ही तक्रारींशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून मी आधी विचारते, "होतंय काय नेमकं?" आज बोलायचंय ते फक्त जळजळीबद्दल, म्हणजे जठरातल्या आम्लाबद्दल.

मध्यंतरी एक काका आले. हातात चिठ्ठी, घड्या पडून पडून कागद विरलेला. तारीख चार वर्षांपूर्वीची. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी आणि त्या गोळीनं पोट बिघडू नये म्हणून पँटोप्रॅझोल, दोन्ही पंधरा दिवस. गुडघ्याची गोळी वेळेत थांबली. पोटाची चार वर्षं चालूच.

"घेता कधी?"

"नाश्ता झाला की, चहाबरोबर."

कायद्यानं ही गोळी चिठ्ठीवरच द्यायची असते. तेव्हा चूक एकट्या काकांची नाही. काउंटरच्या अलीकडे आम्हीही उभे असतो आणि कात्रीनं पट्टी कापून देत असतो.

आता वेळेचं का एवढं? जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेचसे झोपलेले, पोटात घास पडला की जागे होतात. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल ही सगळी भावंडं फक्त जाग्या पंपालाच टाळं लावतात. रक्तात ती टिकतात जेमतेम एक-दोन तास. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा ती रक्तात हजर असते. एकदा टाळं लागलं की तो पंप बादच. शरीराला नवा घडवावा लागतो. त्यामुळे बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते, आणि पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. आणखी एक गंमत म्हणजे आम्लावरचं हे औषध आम्लातच नासतं. त्यासाठी तिच्यावर कवच असतं. तेव्हा कुटून, चावून घेऊ नका.

ही औषधं तशी अलीकडची. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडिन, म्हणजे आम्ल कमी करणारं आधीचं औषध, १९७६ साली बाजारात आलं. त्याआधी अल्सरच्या, म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात पडलेल्या जखमेच्या, कितीतरी रोग्यांचं पोट उघडावं लागे. ब्लॅकना नोबेल मिळालं १९८८ साली, आणि त्याच वर्षी ओमेप्रॅझोल आलं. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ मध्ये जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूंचं द्रावण चक्क पिऊन टाकलं आणि स्वतःला जठराची सूज आणून दाखवली. अल्सर तिखटानं आणि काळजीनं होतो, असं तेव्हा सगळे मानत. बरेचसे होतात ते या जंतूमुळे, नाहीतर वेदनाशामक गोळ्यांमुळे. जंतू असेल तर नुसती पित्ताची गोळी उपयोगाची नाही, सोबत प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो.

बाटलीतलं पातळ औषध वेगळं. ते असलेलं आम्ल मारतं, तेही तासा-दोन तासांपुरतं. त्यातल्या मॅग्नेशियमनं पोट सैल होतं, ॲल्युमिनियमनं घट्ट. म्हणून दोन्ही एकत्र घालतात. पण लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीला लागून ते घेतलं तर ती गोळी अंगी लागत नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवा.

वर्षानुवर्षं पंपाला टाळं लावलं तर काहींना बी-१२ कमी पडतं, मॅग्नेशियम घटतं. आणि एकदम बंद केलं तर आम्ल उसळी मारून येतं, दोन-चार आठवडे जास्तच जळजळतं. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय जमतच नाही!" ते गोळीनंच केलेलं असतं. मात्र ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांना ही गोळी मुद्दाम दिलेली असू शकते. माझं ऐकून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, घास अडकणं, वजन उतरणं, यांवर माझ्याकडे गोळी मागू नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर "गॅस असेल" म्हणत दुकानात येऊ नका. १०८ ला फोन करा.

काकांचं सांगायचं राहिलं. त्यांना मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. बी-१२ तपासून झालं, गोळी हळूहळू कमी होतेय. परवा आले, म्हणाले, "एक दिवसाआड चाललंय." मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "रविवारी मिसळ खाल्ली, तर बाटलीतलं दोन चमचे चालेल ना?"

चालेल म्हटलं. थायरॉइडची गोळी घेता का, तेवढं मात्र विचारून घेतलं.