मोरिमोतो विरुद्ध फ्ले: चॉपिंग बोर्डावरून पेटलेलं वैर

न्यूयॉर्क, 2000 साल. वेबस्टर हॉल प्रेक्षकांनी दणाणून गेलाय. एका ओट्यापाशी जपानच्या ‘आयर्न शेफ’ या टीव्हीवरच्या पाककला-सामन्यांच्या कार्यक्रमाचा मासाहारू मोरिमोतो, दुसऱ्यापाशी न्यूयॉर्कचाच शेफ बॉबी फ्ले. जिन्नस एकच, खेकडा. वेळ 60 मिनिटं.

फ्लेचा हात कापला जातो. विजेचा झटकाही बसतो. तरी गडी मागे हटत नाही. वेळ संपते, आणि तो ओट्यावर चढतो, चॉपिंग बोर्डावर उभा राहून दोन्ही हात उंचावतो.

मोरिमोतो भडकतो. हा शेफच नव्हे, असं कॅमेऱ्यासमोर म्हणतो. ज्या फळीवर अन्न चिरायचं, तिच्यावर पाय? खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या घरात वाढलेल्यांना हा संताप समजावून सांगायला नको.

हा सामना मोरिमोतोने जिंकला. पण त्याची लढाई एकट्या फ्लेशी नव्हती.

हिरोशिमाचा हा मुलगा खरं तर बेसबॉलपटू व्हायचा. खांदा दुखावला, तो सुशीकडे वळला. 1985 मध्ये अमेरिका गाठली. पुढे न्यूयॉर्कच्या ‘नोबू’ रेस्टॉरंटमध्ये नाव कमावलं आणि 1998 मध्ये ‘आयर्न शेफ’, म्हणजे आव्हानवीरांशी लढणारा कार्यक्रमाचा हुकमी शेफ झाला. तिथे मायदेशातल्याच जुन्या वळणाच्या आचाऱ्यांनी त्याला घेरलं. परदेशी जिन्नस वापरणारा हा कसला जपानी स्वयंपाक, असा तादामिची ओता यांच्या गटाचा आक्षेप. त्याला हरवायला ते आपले शेफ मैदानात उतरवत. माझ्या मते मोरिमोतोची खरी कसोटी हीच होती. फ्ले परका होता, त्याच्याशी उघड भांडता येत होतं. इथे मात्र आपलीच माणसं त्याचं जपानीपण नाकारत होती, आणि उत्तर द्यायचं ते फक्त ताटातून.

2001 मध्ये फ्ले जपानला गेला. या वेळी जिन्नस होता लॉब्स्टर. शेवटी त्याने बोर्ड उचलून खाली भिरकावला आणि मगच तो ओट्यावर चढला. कुणी याला सुधारणा म्हणेल, मला ते सरळ डिवचणं वाटतं. पण त्या दिवशी त्याचा स्वयंपाक सरस ठरला, जिंकला तोच.

मग 2004. कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत जोड्यांचा सामना ठरला. समोर जपानी ‘आयर्न शेफ’ हिरोयुकी साकाई आणि अमेरिकी शेफ मारिओ बटाली. आणि त्यांच्याविरुद्ध, एकाच बाजूने, फ्ले आणि मोरिमोतो. दोघं जिंकले.

त्याच वर्षी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मोरिमोतोच्या नावाचं रेस्टॉरंट ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं.