खाजणाकाठचं घर

[दृश्य: ओहोटीचा उघडा चिखल, तिवरांची रांग, मागे कौलारू घर]

अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या खाड्यांकाठी मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची सुट्टीतली घरं गावोगाव दिसतात. काही वडिलोपार्जित, काही नवी. दारासमोर वाळूचा किनारा नसतो, खाजण असतं, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारट चिखलाची जमीन. पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं आणि दर खेपेला थोडं मीठ मागे ठेवतं.

पाणी कधी येणार, हे पंचांग सांगतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. चिखलात उतरून निवटे (चिखलावर सरपटणारे मासे) बघायचे असोत की मोरसाची (खाजणात उगवणारी खारट पालेभाजी) भाजी खुडायची असो, ओहोटी लागल्यावर जावं आणि पाणी फिरायच्या आत वर यावं. मोरस उकडून पाणी टाकून द्यायचं. फोडणीत मीठ घालायची गरज पडत नाही.

[दृश्य: मातीचा खारबांध, त्यातली उघाडी]

घर आणि खाजण यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी खारं पाणी अडवणारा खारबांध असतो आणि बांधात उघाडी, म्हणजे झडप बसवलेली पाण्याची वाट. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. भरतीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. झडपेत ओंडका किंवा प्लास्टिकची गोणी अडकली की खारं पाणी थेट आत. चिंबोऱ्यांची बिळं बुजवली नाहीत तर तीही मोठी होत जातात आणि एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते.

पूर्वी शेतीसाठी गावकरीच बांध राखत. शेतं विकली गेली, पडीक राहिली, तशी ही कामं थांबली. बांध फुटून जिथे भरती कायमची आत आली, तिथे तिवरं उगवली. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत खाजण आणि कांदळवन (तिवरांचं जंगल) सर्वांत कडक वर्गात मोडतात. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव असतो. थोडक्यात, बांधाकडे दुर्लक्ष केलेल्याची जमीन पुढे बांधकामालाही उपयोगाची राहत नाही. प्लॉट बघायला जाणाऱ्यानं आधी उघाडी बघावी. 'व्ह्यू'साठी तिवरं तोडणं तर गुन्हाच आहे.

सर्वांत वाईट वेळ म्हणजे जुलै-ऑगस्टमधलं उधाण आणि त्याच तासाला कोसळणारा पाऊस. उघाडी बंद, पाण्याला वाट नाही, त्यामुळे आत पाणी साचतं. जोतं किती उंच हवं, हे नकाशावरून ठरत नाही. अशा वेळी पाणी कुठवर चढतं, ती रेषा गावातल्या जुन्या माणसांना विचारा आणि तिच्यावर किमान दोन-अडीच फूट जोतं घ्या.

[दृश्य: भिंतीवर पांढरा लोणा, खाली गळलेला गिलावा]

समुद्राचं पाणी घरात शिरणं तसं क्वचित घडतं. लोणा, म्हणजे भिंतीवर उठणारं पांढरं मीठ, मात्र बारा महिने काम करतो. जमिनीतली खारी ओल जांभ्यातून वर चढते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पाऊस न लागताही भिंती ओल्या दिसतात. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की त्याचे खडे बनतात, फुगतात आणि गिलावा सोलून काढतात. गिलावा गळतो तो डिसेंबर-जानेवारीत. दोष मात्र पावसाला दिला जातो.

यावर सिमेंटचा गिलावा चढवणं हा नेहमीचा आणि चुकीचा उपाय. ओल कोंडते आणि आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो. तो मीठ स्वतःवर घेतो आणि काही वर्षांनी बदलता येतो. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि पडलेली पूड उचलून घराबाहेर टाकायची. पाण्यानं धुतलं तर मीठ विरघळून परत भिंतीत जातं.

काँक्रीटमध्ये मीठ सळईपर्यंत पोचलं की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सळईच्या रेषेत भेग पडते. किनारपट्टीच्या हवेसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलं आहे. खाऱ्या तुषारांत असेल तर एम३५ आणि ५० मिलिमीटर. गवंडी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, तो ढळतो. काँक्रीटचे कव्हर ब्लॉकच मागा. खाडीची रेती नको. कालवायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही, म्हणजे मे महिन्यातली मचूळ विहीर बाद.

कडीकोयंडे पितळेचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. स्वस्त ३०४वरही तांबूस डाग उठतात.

[दृश्य: विहीर, छोटा पंप]

विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. मोठा पंप लावून एका दमात उपसा केला की खालचं खारं वर ओढलं जातं आणि मग पावसाळ्यापर्यंत उतरत नाही. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, थोडा थोडा उपसा, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तोंडाची झडप) तळापासून वर. खोल बोअर मारणं म्हणजे बहुधा पैसे देऊन खारं पाणी विकत घेणं. त्यापेक्षा छपराचं पाणी धरा: १,००० चौरस फूट छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९,३०० लिटर होतात, गळती-उडती वजा जाता साडेसात-आठ हजार तरी हाती येतात. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्यायच्या. कौलांवरची धूळ आणि मीठ त्यांत वाहून जातं.

शोषखड्डा चिकणमातीत शोषत नाही, आणि उधाणाला भूजल वर आलं की संडास गुडगुडतो. सेप्टिक टँक पाणीबंद ठेवून सांडपाणी उंचवट्यावरच्या केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडावं, विहिरीपासून १५ मीटर तरी दूर.

[दृश्य: पडवीला बांधलेल्या झापांच्या झडी]

मेअखेर घर बंद करायचं. पश्चिमेच्या पडवीला झापांच्या (विणलेल्या झावळ्यांच्या) झडी बांधायच्या. कडेची आणि मोभावरची कौलं घट्ट करायची, कारण वारा आधी तिथेच हात घालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगडात घरोघरी हे दाखवलं. फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवायचं. गाद्या भिंतीला टेकवायच्या नाहीत. बिजागऱ्यांना तेल द्यायचं. अर्थिंगची पट्टी तांब्याची असेल तर बरं. खाऱ्या मातीत अर्थिंग छान लागतं, पण जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड लवकर खाल्लं जातं.

आणि गावातल्या कुणाला तरी रीतसर पगार देऊन नेमायचं. काम एवढंच: उघडीप मिळेल त्या दिवशी खिडक्या उघडून संध्याकाळी लावणं, पन्हळीतला पाला काढणं, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघणं. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मेन स्विच बंदच ठेवायचा.