त्रायानोस डेलास: एका गोलमागे लपलेला स्वीपर

नमस्कार मंडळी. ग्रीसचा फुटबॉलपटू त्रायानोस डेलास म्हटलं की सगळ्यांना एकच गोल आठवतो. गोल मोठाच आहे, पण त्या गोलमुळे या माणसाचं खरं काम झाकलं गेलं.

डेलास मूळचा थेस्सालोनिकीचा, जन्म १९७६. आरिसमधून सुरुवात, मग इंग्लंडात शेफील्ड युनायटेड, अथेन्सचा एईके, इटलीत पेरुजिया आणि २००२ पासून रोमा. उंची सहा फूट पाच इंचांच्या आसपास. वेग मात्र बेताचाच.

आता २००४ च्या युरोकडे, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेकडे या. त्या काळात बहुतेक संघ बचावात चौघांची सरळ रेषा ठेवून झोननं खेळायचे, म्हणजे प्रत्येकानं मैदानाचा आपापला भाग राखायचा. ग्रीसचे जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेल यांनी जुना मार्ग धरला: माणसाला माणूस, म्हणजे प्रत्येक मार्करनं समोरच्या एका ठरलेल्या खेळाडूमागेच राहायचं. चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात सेइतारिदिस बारोशच्या मागे, कॅप्सिस उंचपुऱ्या कोलरच्या मागे आणि या दोघांच्या पाठीशी, कुणालाही न धरता मोकळा, डेलास. यालाच स्वीपर म्हणतात.

या पद्धतीत गडबड कुठे होते? स्ट्रायकर मुद्दाम बाजूला सरकतो, मार्कर त्याच्यामागे ओढला जातो आणि गोलसमोर खिंडार पडतं. ते बुजवायचं काम स्वीपरचं. त्यानं स्वतः टॅकलला घाई केली की संपलं, कारण त्याच्यामागे फक्त गोलकीपर उरतो. म्हणून डेलास दोन पावलं मागे थांबायचा, आधी पास कुठे पडणार ते हेरायचा आणि मगच हलायचा. वेग कमी असलेल्या बचावपटूला हेच जमायला हवं, आणि त्याला ते फार सुंदर जमायचं. बाद फेरीत फ्रान्स, चेक आणि पोर्तुगाल, तिघांपैकी एकालाही ग्रीसवर गोल करता आला नाही!

आणि तो गोल. चेकविरुद्धचाच उपांत्य सामना, १ जुलै, पोर्तो. नव्वद मिनिटं ०-०. त्या स्पर्धेत सिल्व्हर गोलचा नियम होता: जादा वेळेच्या पहिल्या पंधरा मिनिटांअखेर जो पुढे, तो जिंकला. ती पंधरा मिनिटं संपता संपता उजवीकडून कॉर्नर. बदली खेळाडू त्सिआर्तास डावखुरा, त्यामुळे चेंडू गोलकडे वळत आला. डेलास जवळच्या खांबाकडे धावला, बचावपटूंच्या पुढे घुसला आणि डोक्यानं चेंडू आत वळवला. असा कॉर्नर बचावपटूंनी जवळच्या खांबापाशीच अडवावा लागतो. तिथे समोरचा कुणी आधी पोचला, तर गोलकीपरला हलायलाही वेळ मिळत नाही. चेकना उत्तर द्यायला वेळच उरला नाही. देशासाठी डेलासचा हा एकमेव गोल. तीन दिवसांनी लिस्बनमध्ये ग्रीस युरोप विजेता झाला, आणि सिल्व्हर गोलचा नियम त्या स्पर्धेनंतर बंदच झाला.

पुढे सायप्रसच्या अनॉर्थोसिसकडून तो २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळला. तिथवर पोचलेला तो सायप्रसचा पहिलाच क्लब. २०१३ मध्ये एईके पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरला, कर्जापायी थेट तिसऱ्या श्रेणीतून नव्यानं सुरू झाला. तेव्हा प्रशिक्षक होता डेलास. दोन हंगामांत त्यानं क्लबला पुन्हा वरच्या लीगमध्ये आणलं.