चंद्र सतत पडतोच आहे

नमस्कार श्रोतेहो.

संकष्टीच्या रात्री सोलापुरात घरोघरी एकच चौकशी असते, चंद्रोदय कितीला? मुंबईचे पाव्हणे आलेले असले तर थोडा वादही होतो. ते तिकडची वेळ धरून बसलेले असतात आणि इथं चंद्र दहा-बारा मिनिटं आधीच हजर! मुंबई 73 रेखांशाच्या आसपास, आपण 76च्या. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तीन अंशांना बारा. आपण पूर्वेला, म्हणून मोदक आपल्या पानात आधी.

पण आज नऊला उगवलेला चंद्र उद्याही नऊला का उगवत नाही? रोज सरासरी 50 मिनिटं उशीर करतो. आपली पृथ्वी एक गिरकी पुरी करते तोवर तो ताऱ्यांमधून सुमारे 13 अंश पूर्वेकडे सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला जरा जास्त वळावं लागतं. रोज साधारण एक नक्षत्र, 27 दिवस आणि वर काही तासांत प्रदक्षिणा पुरी. पंचांगवाल्यांनी हे फार पूर्वी मोजून ठेवलं. त्याला फिरवतं कोण, हे मात्र पंचांग सांगत नाही.

मंगळवेढ्याकडच्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून ज्यांनी पाखरं राखली आहेत, त्यांच्या हाताला याचं अर्धं उत्तर ठाऊक आहे. गोफण गरगर फिरवताना दोऱ्या दगडाला आत ओढून धरतात. एक पदर सोडला की दगड कुठं जातो? बरेच जण म्हणतील, बाहेर फेकला जातो. नीट बघा. सुटताना तो ज्या दिशेला चालला होता, त्याच दिशेला सरळ निघतो. त्याला बाहेर फेकणारं कुणी नसतंच. न्यूटनचा पहिला नियम हाच: ओढणारं-ढकलणारं कुणी नसेल तर वस्तू त्याच वेगानं सरळ जात राहते. म्हणजे चंद्राला पुढं ढकलत राहायची गरज नाही, त्याला सारखं वळवायला तेवढं कुणीतरी हवं. ते काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण करतं.

आता हिशेब करू. कागद नको, तोंडीच जमतो. माडीवरून चिंच सोडली तर पहिल्या सेकंदात ती 4.9 मीटर, म्हणजे सोळा फूट खाली येते. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 6,400 किलोमीटरवर, चंद्र 3,84,000 किलोमीटरवर, म्हणजे साठपट लांब. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ घटते. साठ गुणिले साठ, 3,600. सोळा फुटांना 3,600 नी भागलं तर येतात जेमतेम दीड मिलिमीटर, त्याहूनही किंचित कमी. चंद्र एका सेकंदात सुमारे एक किलोमीटर पुढं जातो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे वळतोही बरोबर तेवढाच. चिंचेला आणि चंद्राला एकच कायदा! न्यूटननं तो 1687च्या ग्रंथात जगापुढं ठेवला. शाळेत तिन्ही नियम घोकून घेतात आणि हा साधा भागाकार राहून जातो, हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणजे चंद्र सतत पडतोच आहे. पण पुढं जायचा वेग असा, की पडूनही तो जमिनीला लागत नाही.

त्याची वाट पुरती गोल नाही. कधी 3,63,000 किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी 4,05,000 पर्यंत लांब जातो. जवळ असताना भरभर चालतो, लांब असताना रेंगाळतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं हे ग्रहांबाबत 1609 मध्ये सांगितलं, चंद्रालाही ते लागू पडतं. आपल्या घरात हा नियम तिथीच्या रूपानं येतो. सूर्यापासून चंद्र 12 अंश पुढं सरकला की एक तिथी संपते. त्याला कधी 20 तास पुरतात, कधी 26 तासांहून जास्त लागतात. लांबलेली तिथी दोन सूर्योदय बघते, आखडलेलीला एकही मिळत नाही. ‘यंदा चतुर्थी दोन दिवस कशी?’ म्हणून आजी कुरकुरते, त्याचं मुख्य कारण चंद्राची ही कमी-जास्त चाल.

न्यूटनचा तिसरा नियम थोडक्यात: एका वस्तूनं दुसरीला जेवढं ढकललं, तेवढाच उलटा रेटा तिला मिळतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरताना पॅराशूटचा काही उपयोग नव्हता. इंजिनांनी वायू खाली फेकला, त्याच्या उलट रेट्यानं यान सावकाश टेकलं.

एक गोष्ट घरी करून बघा. शुक्ल सप्तमी-अष्टमीला गच्चीवर जा, पौर्णिमेला नको, तेव्हा उजेडात तारे बुडतात. चंद्राजवळचा एखादा ठळक तारा हेरा आणि तासाभरानं पुन्हा बघा. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे सरकलेला असेल. तारा पूर्वेला असला तर दोघांतलं अंतर घटेल, पश्चिमेला असला तर वाढेल.

नमस्कार.