उकळण्याआधीच सुटणारे रेणू

श्रोतेहो, नमस्कार.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्यातून अनेकांचा असा समज होतो की वाफही शंभर अंशांनाच तयार होते. मग पुसलेली फरशी बघता बघता कोरडी कशी होते? तिथे तर कोणी जाळ लावलेला नसतो.

खोलीतल्या साध्या तापमानालाही पाण्याचे रेणू स्वस्थ नसतात. त्यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५९० मीटर असतो! पण शेजारी इतके खेटून असतात की पाऊल टाकायच्या आत टक्कर होते. या टकरींमध्ये कोणाचा वेग वाढतो, कोणाचा घटतो. सगळे रेणू एकाच वेगाने कधीच धावत नाहीत. वायूंच्या बाबतीत या वेगांच्या वाटणीचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये मांडलं, आणि मला ते विज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं.

आता अगदी पृष्ठभागावरचा एक रेणू बघा. त्याला बाजूचे आणि खालचे शेजारी ओढतात, वरून ओढणारं जवळपास कोणी नाही. एखाद्या टकरीत त्याला पुरेसा जोर मिळाला आणि तोंड वरच्या दिशेला असलं, की तो सुटला. हेच बाष्पीभवन. निसटतात ते मुख्यतः वेगवान रेणू, मागे उरतात ते तुलनेने मंद. म्हणूनच उरलेला द्रव गार होतो. इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावल्यावर जो थंडावा जाणवतो, तो याच निवडीचा परिणाम.

उकळताना मात्र वाफ पाण्याच्या पोटातही तयार होते. भांडं तापू लागल्यावर तळाशी चिकटलेले पहिले बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. नंतरचे मोठे, खदखदणारे बुडबुडे निव्वळ पाण्याच्या वाफेचे. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला, तरच ते टिकतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी साधारण ७० अंशांनाच उकळतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर थोडं थांबायला हवं. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० ज्यूल उष्णता पुरते. त्याच पाण्याची शंभर अंशांना वाफ करायला मात्र सुमारे २,२६० ज्यूल लागतात, आणि तेवढा वेळ तापमान तसूभरही वाढत नाही! ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात या सुप्त उष्णतेचा अभ्यास केला. ही उष्णता रेणूंचा वेग वाढवत नाही, ती बहुतांशी त्यांना एकमेकांपासून तोडण्यात खर्च होते. पाण्यात ही ओढ फार चिवट असते, कारण रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांना धरून असतात. मिथेनचा रेणू वजनाला जवळपास पाण्याइतकाच, पण त्याच्यात असे बंध नाहीत. परिणामी मिथेन उणे १६१ अंशांनाच उकळतो.

आणि सुटलेले रेणू परतही येतात, हे विसरू नका. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत जितके बाहेर पडतात तितकेच पाण्यात परततात. पातळी हलत नाही, पण ये-जा अखंड चालू असते. दमट हवेत असंच काहीसं घडतं: घामाच्या थेंबातून रेणू सुटतात आणि हवेतले जवळजवळ तेवढेच त्यात येऊन मिसळतात. त्यामुळे घाम वाहत राहतो, वाळत नाही, आणि अंग गार होत नाही.