सकाळची पोह्यांची प्लेट

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या सकाळबद्दल बोलायचं आणि पोहे वगळायचे, हे काही जमायचं नाही. आपल्या मराठी घरांत पोहे फोडणीवर परततात. इथल्या ठेल्यावर मात्र ते वाफेवर असतात. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर पोह्यांचा ढीग. म्हणून ते उशिरापर्यंत मऊ आणि गरम राहतात. वरून शेव, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर जीरावण, म्हणजे इथला खास चटपटीत मसाला. आधी जिभेवर काळ्या मिठाची नि हिंगाची चव येते, मग बडीशेपेचा दाणा दाताखाली सापडतो. सोबत गरम जलेबी असली तर विचारायलाच नको!

एवढ्याशा सुखासाठी आभार कोणाचे मानायचे? देवाचे मानावेतच. पण कृतज्ञता नुसती मोघम राहिली तर हात धुतानाच विरून जाते, असं मला वाटतं. तिला माणसं दिसायला हवीत.

आपला सराफा बघा. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा व्यापार. रात्री सराफांनी दुकानं वाढवली की त्यांच्याच दारांत भुट्ट्याचा कीस, मालपुवे आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. पाहुण्यांना आपण हौसेनं तिथे नेतो, मध्यरात्री तृप्त होऊन घरी येतो नि गाढ झोपतो. त्यानंतर तिथे झाडू सुरू होतो. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं, त्याचा अभिमान आपण सगळेच मिरवतो. ते नाव राखणारे हात मात्र रात्रपाळीवर असतात. पहाटे पोहेवाला ठेला लावतो तो त्यांनी झाडलेल्या रस्त्यावर. त्याचा कांदा तर त्याही आधी चिरून झालेला असतो.

आपल्या हातात प्लेट येते तोवर अशी किती जणांची झोप खर्ची पडलेली असते! हे मनात आलं म्हणून घास अडत नाही. उलट मी सावकाश खाते.

आमच्या कोपऱ्यावरच्या भय्यांना मी एकदा म्हटलं, "भय्या, आज जीरावण बहुत बढ़िया है." ते एकदम हसले. न मागता शेवेची आणखी एक मूठ घातली आणि म्हणाले, "घर पे बोल दूँगा. मसाला तो वही कूटती है."

तेव्हापासून पोह्यांच्या आधी मी जीरावणाची तारीफ करते.